दर्याकडची भिंत

१

सकाळी साडेसातला हानातोआच्या बालवाडीत मुलं यायची, पायरीवर चपलांचा ढीग पडायचा आणि तिथूनच सिदोनीबाईंच्या कपाळावर आठी चढायची.

"आपोलीन, तुझी डोंगराकडची चप्पल उलटी पडलीय, सरळ कर," स्वयंपाकीण युफ्रासी दारातून सांगायची. "आणि दर्याकडच्या गालाला पोपोईचा लगदा लागलाय, तो पूस आधी."

चार वर्षांची आपोलीन क्षणभरही न थांबता नेमका तोच गाल पुसायची. मग ती वळली की तोच गाल डोंगराकडचा व्हायचा, आणि यात कोणालाच काही वावगं वाटायचं नाही. खोऱ्याच्या एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये जेमतेम तीनशे माणसं. त्यांना डावं आणि उजवं या दोन शब्दांची जन्मात कधी गरज पडली नव्हती. मासा उलटायचा तो दर्याकडे, डास मारायचा तो डोंगराकडच्या खांद्यावरचा. मेलेल्याला पुरतानाही हेच.

सिदोनी वाआतेते याच खोऱ्यात जन्मली होती, हे तिला आवडायचं नाही. अकराव्या वर्षी तिला पापेएतेला, दूरच्या राजधानीत, नन्सच्या शाळेत पाठवलं. तिथेच ती शिकली, तिथेच तीस वर्षं शिकवलं, आणि आता बढती हवी तर हे खोरं घ्या असं सांगितलं गेलं म्हणून मुख्याध्यापिका होऊन परत आली. आल्या दिवशी तिनं अकराच्या अकरा मुलांच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधली आणि फळ्यावर दोन हात काढले. दोन महिने झाले. फिती मळून काळ्या झाल्या. उजवा हात वर करा म्हटलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, आणि कोणीतरी शहाणं विचारायचं, "बाई, दर्याकडचा का?"

"समुद्र कुठे आहे ते बकरीलाही कळतं," सिदोनी युफ्रासीला म्हणायची. "तुम्ही त्याच्यापुढे गेलातच नाही. उद्या ही पोरं पापेएतेच्या रस्त्यावर उभी राहतील आणि बस आली की डोंगर शोधत बसतील."

युफ्रासी साठीची. सिदोनीला तिनं लहानपणी कडेवर घेतलेलं, त्यामुळे सिदोनी तिला गावाच्या रीतीनं ताती म्हणायची, मावशी म्हणावं तसं. पण तो शब्दही ती नाक मुरडूनच उच्चारायची.

"डोंगर तिथेही आहेच की," युफ्रासी म्हणायची आणि नीरफणस सोलत राहायची.

२

स्वयंपाकघराच्या मागे एक अडगळीची खोली होती. उतार खणून बांधलेली, खिडकी नसलेली. लांबी साडेतीन मीटर, रुंदी अडीच. सिदोनीनं स्वतः टेप लावून मोजली होती. दार अंगणाच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे. त्याच्या समोरची मागची भिंत थेट डोंगराच्या कातळाला चिकटलेली. भिंत आणि कातळ यांच्यामध्ये सुरीचं पातंही शिरलं नसतं.

पापेएतेला शिक्षकांच्या शिबिरात तिनं एक खेळ पाहिला होता. मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, फिरत्या खुर्चीत बसवायचं, गरगर फिरवायचं, रुमाल सोडायचा आणि कोपऱ्यात ठेवलेला बॉल शोधायला लावायचं. लहान मूल दिशा हरवतं, असं शिकवणारा म्हणाला होता. मग ते खोलीचा आकार धरून चालतं: लांब भिंत, आखूड भिंत. म्हणून कधी बरोबर कोपऱ्यात जातं, तर कधी नेमक्या समोरच्या तिरक्या कोपऱ्यात. जगभर हेच होतं.

सिदोनीनं ठरवलं, आधी यांना हरवू दे. हरवलेल्या मुलालाच डाव्या-उजव्याची किंमत कळेल.

नगरपालिकेनं टाकून दिलेली फिरती खुर्ची तिनं त्या खोलीच्या मधोमध ठेवली आणि रोज सकाळी एकेका मुलाला आत नेऊ लागली. पहिला आठवडा अपमानाचा गेला. दहा फेऱ्या दिल्या, वीस दिल्या. रुमाल सुटायच्या आतच मुलं हसत बोट दाखवायची. दर्या तिकडे. बॉल डोंगराकडच्या कोपऱ्यात. एकदाही चूक नाही.

"यांच्या डोक्यात मेंदू नाही, होकायंत्राची सुई आहे," सिदोनी म्हणाली.

"मग ती का काढायचीय तुला?" युफ्रासीनं विचारलं.

उत्तर द्यावं इतकी तिची लायकी सिदोनीला वाटली नाही. तिनं फेऱ्या वाढवल्या. चाळीस. मग हळू, इतक्या हळू की खुर्ची फिरतेय की थांबलीय ते कळू नये. मध्येच उलट दिशेनं. दिवा बंद करून, म्हणजे भिंतीही दिसू नयेत. स्वतः तोंडानं एकसुरी गुणगुणत, म्हणजे बाहेरची लाट ऐकू येऊ नये. एक मूल ओकलं. त्याला तिनं पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी आपोलीन खुर्चीतून उतरली, आणि दर्या कुठे असं विचारताच तिनं मागच्या भिंतीकडे बोट केलं.

सिदोनीनं दिवा लावला. "कुठे?"

"तिकडे," आपोलीन म्हणाली. दारात उन्हाची रेघ दिसत होती, तरी म्हणाली.

३

शुक्रवारपर्यंत अकराही मुलं मागच्या भिंतीकडे बोट दाखवू लागली. सिदोनी त्या आठवड्यात पहिल्यांदा गुणगुणत घरी गेली. पाच पिढ्यांची खोड तिनं एका मोडक्या खुर्चीनं काढली होती. शनिवारी तिनं शिबिरातल्या माणसाला तीन पानी पत्र लिहिलं. त्यात 'येथील लोकांची मानसिक जडता' असे शब्द दोनदा आले.

सोमवारी युफ्रासीनं ताटं मांडली आणि मुलांना म्हणाली, "दर्याकडच्या बाकावर बसा." सगळी मुलं जाऊन डोंगराकडच्या बाकावर बसली. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी अडखळलं नाही.

युफ्रासी पळी हातात धरून उभी राहिली. मग सिदोनीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काय केलंस तू यांना?"

"चुकवलं. आता शिकवीन."

"ही चुकलेली नाहीत, सिदोनी. चुकलेलं मूल बघितलंयस का कधी? ते एकदा इकडे दाखवतं, एकदा तिकडे, मग रडतं. ही अकरा पोरं एकाच जागी बोट दाखवतायत."

सिदोनी हसली. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्यासाठी ठेवलेलं हसू होतं ते. "ताती, एकानं केलं की सगळी करतात. पोरं आहेत. तुझ्या कोंबड्याही तेच करतात."

पण जेवणं होईपर्यंत तिनं तीनदा मान वर करून मुलांकडे पाहिलं. दुपारी चटया पडल्या. या खोऱ्यात पाय समुद्राकडे करूनच झोपतात. अकरा मुलांनी चटया फिरवल्या, पाय डोंगराकडे केले आणि झोपली. लहान लहान बावीस तळवे, सगळे मागच्या खोलीकडे. सिदोनीनं एका मुलाला उचलून सरळ केलं. झोपेतच ते पुन्हा फिरलं.

४

आपोलीनचा बाप रेमी नगरपालिकेचा ट्रक चालवायचा आणि फावल्या वेळात मासे धरायचा. बुधवारी तो कामाच्या कपड्यांतच शाळेत आला, टोपी न काढता.

"बाई, पोर काल धक्क्यावरून हरवली," तो म्हणाला. "मी होडी बांधत होतो. म्हटलं, दर्याकडची दोरी धर. बघतो तर ही रस्त्यानं वर चाललेली, डोंगराकडे. दोरी आणायला."

"मग आता तिला डावं-उजवं शिकवा घरी. मी सांगितलंच होतं."

"समुद्र तिच्या पायाशी होता, बाई. पाय भिजले होते तिचे. मी म्हटलं, हे काय आहे मग? म्हणते, हे पाणी आहे."

सिदोनीनं त्याच्या टोपीकडे पाहिलं, घामाच्या डागांकडे पाहिलं, आणि हा माणूस दर पावसाळ्यात तोच खड्डा तीनदा बुजवतो हे आठवून तिला बरं वाटलं. "महिनाभर लागेल," ती म्हणाली. "जुनी सवय जाताना असा गोंधळ होतोच."

तो गेल्यावर तिनं मुलांना एकेक करून अंगणात उभं केलं आणि दर्या दाखवायला सांगितलं. अंगणाच्या पूर्व कोपऱ्यातून, मग पश्चिम कोपऱ्यातून, मग फाटकापाशी. खडूनं जमिनीवर प्रत्येक बोटाची रेघ ओढली. वर डोंगर सगळीकडे पसरलेला होता. नुसता डोंगर दाखवत असती तर रेघा समांतर गेल्या असत्या. त्या तशा गेल्या नाहीत. कुठूनही ओढल्या तरी त्या एकमेकींकडे झुकत होत्या, आणि अडगळीच्या खोलीच्या थोड्या मागे, कातळात, एकत्र येत होत्या.

तिनं बादलीभर पाणी ओतून रेघा धुऊन टाकल्या. मग आपोलीनला विचारलं, "दर्या किती लांब आहे गं?"

"आता नाही लांब," आपोलीन म्हणाली.

संध्याकाळी मुलं गेल्यावर सिदोनी त्या खोलीत जाऊन उभी राहिली. दिवा लावून. खोके, झाडू, खुर्ची. आपण एका पोरीच्या बोलण्यावरून इथे आलो याचा तिला राग आला. मागच्या भिंतीला तिनं कान लावला तेव्हा तो राग अजून वाढला. आत गोटे घरंगळत होते. लाट मागे हटताना किनाऱ्यावरचे गोटे एकमेकांवर घासत जातात, तसा लांबलचक खरखराट; मग शांतता; मग पुन्हा.

खरा समुद्र तीनशे मीटरवर होता आणि त्याचे गोटेही असेच वाजायचे. कातळ पोकळ असेल, आवाज फिरून येत असेल. चवथीतल्या मुलालाही कळेल अशी गोष्ट. ती अंगणात आली आणि घड्याळ लावून खऱ्या लाटा मोजल्या: मिनिटाला सहा. परत आत गेली. भिंतीतल्या मोजल्या.

मिनिटाला दोन येत होत्या.

५

आता इथे दुसऱ्या कोणी शहाण्यानं खोलीला कुलूप घातलं असतं. सिदोनीनं घातलं नाही. युफ्रासीचं बरोबर ठरेल, ही एकच गोष्ट तिला भिंतीतल्या आवाजापेक्षा असह्य होती. ज्या खोलीत बिघडलं तिथेच दुरुस्त होईल असं तिनं ठरवलं: पोरीला फिरवायचं, अंधारात बॉल आणायला लावायचं, ती भिंतीवर आपटली की भिंत म्हणजे भिंत हे तिला कळेल.

गुरुवारी सकाळी तिनं आपोलीनला आत नेलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात बॉल ठेवला, दार लावलं, पोरीला फिरवलं, खुर्चीतून उतरवलं आणि दिवा बंद करून दाराशी, बटणावर हात ठेवून उभी राहिली.

"जा. बॉल आण. पावलं मोज."

"बॉल दर्याकडे आहे ना?"

"तू जा."

आपोलीन मोजत निघाली. तिला दहापर्यंतच यायचं. "एक, दोन, तीन..." खुर्चीपासून भिंत तिच्या पावलांनी पाचावर होती. सिदोनी कपाळ आपटल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिली. "सहा, सात," आवाज म्हणाला. "आठ. नऊ. दहा." मग जरा थांबून, "एक. दोन."

गोल फिरतेय, सिदोनीला वाटलं. खुर्चीभोवती फिरतेय मूर्ख पोर. पण आवाज फिरत नव्हता, लहान होत होता.

"तीन. चार."

तिनं बटण दाबलं.

पिवळा दिवा लागला. खुर्ची होती. खोके होते, झाडू होता. मागची भिंत आपल्या जागी होती, डाव्या कोपऱ्यात बॉल होता. आपोलीन नव्हती.

"नऊ," आपोलीन लांबून म्हणाली. "दहा. एक."

मग सिदोनीला कळलं की भिंत आहे तोवर पोर परत येऊ शकणार नाही. हे कसं कळलं ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, आणि स्वतःच्या हातानं दिवा बंद केला.

अंधारात वारा आला. खारट, गार, थेट तोंडावर.

"आपोलीन," ती म्हणाली. "मागे फीर. उजवीकडून वळ आणि सरळ ये."

पावलं थांबली. "बाई," पोरीचा आवाज आला, अजून घाबरलेला नाही, नुसता विचारणारा. "उजवीकडे म्हणजे कुठे?"

"ज्या हाताला लाल फीत आहे..."

"दिसत नाही."

गोटे खरखरत मागे हटले. खूप गोटे, खूप मोठा किनारा.

"माझ्याकडे ये. माझा आवाज ऐक."

"तो सगळीकडून येतोय, बाई. दर्याकडे येऊ का डोंगराकडे?"

सिदोनीनं तोंड उघडलं. दार समुद्राकडे होतं. खरा, अंगणापलीकडचा, तिनं जन्मापासून पाहिलेला समुद्र तिच्या पाठीमागे होता. दर्याकडे ये म्हटलं तर पोर आणखी आत जाईल. डोंगराकडे ये म्हणायचं तर आधी मान्य करायला हवं होतं की समुद्र तिच्या समोर आहे. नुसतं म्हणून भागणार नव्हतं. कुठे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय या खोऱ्यात तो शब्द कोणाच्या तोंडून नीट निघतच नाही. तिनं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तो जाणवला. समोर, खाली उतरत गेलेला, अफाट.

"डोंगराकडे ये," ती म्हणाली. मग मोठ्यानं, गावातल्या बाईसारखी, हेल काढून, "डोंगराकडे ये गं. सरळ डोंगराकडे."

पावलं निघाली. अनवाणी, चटचट, ओल्या दगडावर पडावीत तशी. जवळ येऊ लागली. सिदोनीनं हात पुढे पसरला आणि ऐकत राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं मोजायला सुरुवात केली, कारण एका पोरीच्या दोन पायांची ती पावलं नव्हती. ती पुष्कळ होती. सगळी लहान होती. कोणी धावत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं; शाळा सुटल्यावर रांगेत यावं तसं सगळं शिस्तीत येत होतं.

एक हात तिच्या हातात आला. मनगटावर फीत होती. दुसऱ्या कुठल्याही हाताला स्पर्श व्हायच्या आत तिनं पोरीला ओढलं, दार उघडून बाहेर काढलं आणि पाठ लावून दार बंद केलं.

आतली पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

अंगणात ऊन होतं. युफ्रासी नीरफणस भाजत होती. आपोलीनच्या कपाळाला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तिनं सिदोनीकडे जरा नवलानं पाहिलं.

"बॉल तिथे नव्हता, बाई," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळ्यांनाच का बोलावलंत?"

६

सिदोनीनं नगरपालिकेला लिहिलं की खोलीमागचा कातळ सुटतो आहे, जागा धोक्याची आहे, भरून टाकावी. फिरती खुर्ची आतच राहिली. मुलं महिनाभरात ताळ्यावर आली. आधी आपोलीन, मग बाकीची, एकेक करून. पाय पुन्हा समुद्राकडे करून झोपू लागली. लाल फिती युफ्रासीनं सिदोनीच्या देखत कात्रीनं कापून चुलीत टाकल्या. शिबिरातल्या माणसाचं कौतुकाचं उत्तर आलं, पुढची माहिती मागणारं. तिला तो माणूस आता जगातला सगळ्यांत मोठा मूर्ख वाटत होता, पण त्यातही पूर्वीसारखी मजा राहिली नव्हती.

रेमी ट्रकनं ओढ्यातले दगड आणि मुरूम आणू लागला. दोन गडी हातगाड्यांनी तो आत टाकत होते. दारात उभं राहून, उजेडात, एक पाऊलही आत न टाकता. तसं सिदोनीनं बजावलं होतं. हिशेब तिनंच करून दिला होता. साडेतीन गुणिले अडीच गुणिले अडीच. सहा ट्रक, फार तर सात.

नववा ट्रक रिकामा झाला तेव्हा रेमीनं टोपी काढून डोकं खाजवलं. दाराशी मुरूम गुडघाभर होता. मागे तो घसरत होता, कुठेतरी खाली जात होता, आणि जाताना वाजत होता.

"तुम्ही शाळेत गणित शिकवता ना, बाई?" रेमी म्हणाला. गडी हसले. पापेएतेहून आलेल्या बाईवर हसायची संधी कोणीच सोडणार नव्हतं, आणि त्यांच्या जागी ती असती तर तिनंही सोडली नसती.

"टाकत राहा," सिदोनी म्हणाली.

रेमी ट्रकमध्ये चढला आणि तो भिंतीलगत, आडवा, मागे घेऊ लागला. आरशात त्याला बाई दिसली, वाटेतच उभी, अगदी दारासमोर.

"बाई, बाजूला," त्यानं खिडकीतून हाक मारली. "दर्याकडे सरका. दर्याकडे."

सिदोनीनं ऐकलं. तिला विचार करावा लागला नाही. ती वळली आणि सहज, भराभर, घरी निघालेल्या माणसासारखी दारातून आत शिरली. मुरुमावर दोन पावलं पडली तेव्हा एका गड्यानं झेप घेऊन तिचं कोपर धरलं.

"बाई, तिकडे कुठे? दर्या इकडे आहे."

त्याच्या चेहऱ्यावर कीव होती; भ्रमिष्ट म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडवताना लोकांच्या तोंडावर असते तशी. आतून गार वारा येत होता. सिदोनीनं त्या माणसाच्या मळक्या हाताकडे पाहिलं, मग तो दाखवत होता त्या बाजूला पाहिलं. नारळाच्या झाडांपलीकडे काहीतरी निळं, सपाट, चमकत होतं.

"ते पाणी आहे," ती म्हणाली.